दगड कोरायची हौस घरचा धंदा करायची असेल तर आधी तास मोजा

घरात कोणी सुट्टीच्या दिवशी दगड कोरत बसत असलं की कधी ना कधी कोणीतरी म्हणतंच, एवढं छान करतोस तर विकत का नाहीस. मग चार ओळखीच्यांना वस्तू विकल्या जातात, घरचे सगळे हात लावतात, मजा येते, आणि पुढच्याच आठवड्यात मोठा ग्राइंडर नि कॉम्प्रेसर घ्यायचा विचार सुरू होतो. इथेच थांबा. मशीन नंतर, आधी एक वही घ्या आणि तीन महिने त्यात फक्त तास लिहा.

तास म्हणजे छिन्नी चालवल्याचे नाही, सगळेच. दगड निवडून आणणं, धुणं, आखणी, अवजारांना धार लावणं, कोरणं, घासणं, जागा साफ करणं, फोटो काढणं, गिऱ्हाइकाच्या मेसेजला उत्तर देणं, पॅकिंग. आणि हे कोणी केलं ते नाव पण लिहा. मी एका नावाच्या पाटीला सहा तास लागतात असं धरून चाललो होतो, वहीत लिहायला लागलो तेव्हा निघाले अकरा. कोरणं पाच, आखणी नि अक्षरांची मांडणी दोन, घासणं दीड, धार अर्धा, गिऱ्हाइकाशी बोलणं एक, पॅकिंग एक. त्यातली मांडणी आणि पॅकिंग बायको करायची, म्हणजे तिचे तीन तास मी कधी हिशोबातच धरले नव्हते आणि पाटी परवडते असं वर सगळ्यांना सांगत होतो. घरचा धंदा बुडतो तो बहुतेक इथेच बुडतो. गिऱ्हाईक नसतं म्हणून नाही, घरच्यांचे तास फुकट धरलेले असतात म्हणून.

किंमत काढताना मग असं करा. सगळ्यांचे तास गुणिले तासाची मजुरी, त्यात दगडाचा खर्च, कापताना वाया गेलेल्या दगडाचा पण, ब्लेड, पॉलिशचे पॅड, मास्कचे फिल्टर यांची झीज, वीज नि जागेचा वाटा. मग तुटण्याचा हिशोब, कारण दगड तुटतोच. बारापैकी एक जर शेवटी शेवटी तडकत असेल तर त्या एकाचा खर्च उरलेल्या अकरावर पसरायला लागतो. आणि हे सगळं झाल्यावर वर नफा. मजुरी म्हणजे नफा नाही, या दोन गोष्टी वेगळ्या ओळीवर लिहा. शेवटी स्वतःला एकच प्रश्न विचारा, या किमतीत मी बाहेरचा कारागीर पगार देऊन ठेवला तर परवडेल का? उत्तर नाही असेल तर तुम्ही धंदा करत नाही आहात, घरच्यांच्या घामातून गिऱ्हाइकाला सूट देताय.

यात कोणाला वाटेल की घरच्यांना कसली आलीय मजुरी. तर इटलीतल्या सिएनाच्या कॅथेड्रलसाठी संगमरवरी प्रवचनपीठ कोरायचं काम निकोला पिसानो या शिल्पकाराला मिळालं, त्याचा करार १२६५ चा आहे, आणि त्यात त्याची रोजंदारी वेगळी, मदतनीसांची वेगळी आणि त्याचा मुलगा जोव्हानी कामावर आला तर त्याची वेगळी, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. मुलाची सगळ्यात कमी आहे, पण आहे. पुढे तोच जोव्हानी बापाइतकाच मोठा शिल्पकार झाला. तेव्हा सुरुवातीला कमी द्यावी लागली तरी चालेल, पण आकडा ठरलेला असू दे आणि तो कागदावर असू दे.

काय विकायचं

हौसेत आपण दर वेळी नवीन काहीतरी करतो, धंद्यात तसं केलं तर प्रत्येक वस्तू पहिल्यांदाच करतोय अशी होते आणि तास कधी कमी होतच नाहीत. दोन किंवा तीन वस्तू ठरवा आणि त्या पुन्हा पुन्हा करा. नावाची पाटी, बागेत पक्ष्यांसाठी पाण्याचं उथळ भांडं, पुस्तकांना आधार द्यायचे जोड, असलं काहीतरी. एकच वस्तू दहाव्यांदा करताना हात आपोआप वेगात येतो, आणि घरातल्या नवख्या माणसाला पण शिकवता येतं कारण नमुना समोर असतो. मोठी मूर्ती, पुतळा, कारंजं वगैरे ऑर्डर आली तर घ्या, पण त्यावर घर चालेल असं धरू नका.

वजन हा यातला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा आहे. संगमरवराचा एक घनफूट ठोकळा साधारण ७६ किलो भरतो, डोळ्याला छोटा दिसतो आणि दोघांच्या कमरा धरतो. तेच स्लेटची ३० बाय २० सेंटीमीटरची, २ सेंटीमीटर जाड पाटी सव्वातीन किलोच्या आसपास. पाठवायला सोपी, तुटली तरी नुकसान कमी, एकटा माणूस उचलू शकतो. वस्तू ठरवतानाच कागदावर घनफळ काढून वजन बघा. संगमरवर, ग्रॅनाइट, स्लेट यांचं घनसेंटीमीटरला साधारण २.७ ग्रॅम धरलं की चुकत नाही फार.

अक्षरं कोरता येत असतील तर माझं मत विचाराल तर त्यावरच भर द्या. नावाच्या पाट्या, स्मृतिफलक, कोनशिला, या गोष्टी लोकांना लागतातच आणि त्यात हाताच्या कामाची किंमत कळते. अमेरिकेत न्यूपोर्टला एक अक्षरं कोरायची कार्यशाळा आहे, जॉन स्टीव्हन्स शॉप, १७०५ पासूनची. १९२७ मध्ये ती जॉन हॉवर्ड बेन्सन यांनी विकत घेतली, मग मुलगा, मग नातू अशी तिसऱ्या पिढीपर्यंत चालली, आणि नातवाला, निक बेन्सन यांना, २०१० साली मॅकआर्थर फेलोशिप, म्हणजे असाधारण सर्जनशील कामासाठी दिला जाणारा अमेरिकेतला मोठा सन्मान, मिळाली. अक्षरं आधी ब्रशने लिहायची आणि मग छिन्नीने कोरायची एवढ्याच कामावर. म्हणजे छोट्या कामात पण आयुष्यभर पुरेल इतकं शिकण्यासारखं असतं.

पण अक्षरांत एक चूक म्हणजे सगळा दगड गेला. आमच्याकडे एका आडनावात वेलांटी पहिलीच्या जागी दुसरी पडली, नाव फोनवर ऐकून लिहून घेतलं होतं, आणि हे लक्षात आलं ते घासून चकाचक झाल्यावर. भरणी करून अक्षर दुरुस्त होत नाही, उन्हात ती वेगळी दिसतेच. एकच उपाय, सगळा पृष्ठभाग खाली उतरवून पुन्हा कोरायचं, किंवा नवीन दगड. तेव्हापासून आमचा नियम असा की मजकूर गिऱ्हाइकाने स्वतः लिहून पाठवायचा, आम्ही तो खऱ्या मापात कागदावर काढून परत पाठवायचा, त्याने त्यावर सही करून बरोबर आहे म्हणायचं, आणि मग घरातल्या अशा माणसाने वाचायचा ज्याने तो आधी बघितलेला नाही. तारखा आकडा आकडा मोठ्याने. याला दहा मिनिटं लागतात.

दगड

जो दगड हौसेला गोड वाटतो तो धंद्याला चालेलच असं नाही. कडकपणाच्या मोस मापावर संगजिरं (सोपस्टोन) एकच्या आसपास, अलाबास्टर दोन, संगमरवर नि चुनखडी तीनच्या आसपास, ग्रॅनाइट सहा ते सात. नुसतं ऐकायला हे साधे आकडे आहेत पण संगमरवराला जिथे दोन तास तिथे ग्रॅनाइटला दिवस जाऊ शकतो, आणि साधी पोलादी छिन्नी ग्रॅनाइटवर लगेच बोथट होते, तिथे टंगस्टन कार्बाइडचं टोकच लागतं. त्यामुळे दगड बदलला की किंमत नव्याने काढा, जुनीच लावू नका.

अलाबास्टर म्हणजे एक प्रकारचं जिप्समच, पाण्यात हळूहळू विरघळतं, बाहेर ठेवायच्या वस्तूला अजिबात वापरू नका. संगमरवर बाहेर चालतो पण आम्लाने त्याचं पॉलिश मरतं, पावसातल्या आम्लाने पण वर्षानुवर्षांत अक्षरांच्या कडा गोल होतात, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. दगड नक्की संगमरवर किंवा चुनखडी आहे की नाही कळत नसेल तर मागच्या बाजूला व्हिनेगरचा थेंब टाका, बारीक बुडबुडे आले तर आहे. वाळूच्या दगडाला थर असतात, जमिनीत ते जसे आडवे पडलेले होते तसेच वस्तूत पण आडवे राहतील असं बघा. थर उभे करून दर्शनी बाजूला आणले तर पाणी आत शिरून काही वर्षांत पापुद्रे सुटतात आणि तुमचं नाव खराब होतं, दगडाचं नाही.

घेताना दगड ठोकून बघायचा. हातोडीने हलकं वाजवलं की निरोगी दगड घंटेसारखा खणखणतो आणि आत चीर असेल तर भद्द आवाज येतो. मग पाण्याने ओला करायचा आणि वाळू द्यायचा, सगळा सुकला तरी एखादी बारीक रेघ ओलीच राहते, तिथे चीर आहे. हे दोन मिनिटांचं काम मी दोनदा आळसाने केलं नाही आणि दोन्ही वेळा शेवटच्या टप्प्यात दगड दुभंगला.

किचनचे ओटे बनवणाऱ्यांकडे सिंकसाठी कापलेले तुकडे पडलेले असतात, ग्रॅनाइट, संगमरवर, कधी कधी नुसते घेऊन जा म्हणतात. शिकायला आणि छोट्या वस्तूंना उत्तम. पण त्यात जे कृत्रिम क्वार्ट्‌झचे तुकडे असतात, म्हणजे दगडाचा भुगा रेझिनमध्ये घट्ट करून बनवलेले, ते घरी आणू पण नका. त्यात सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते खनिज, ९० टक्क्यांच्या वर असू शकते, आणि ते कापणाऱ्या तरुण कामगारांना फुफ्फुसाचे आजार इतके झाले की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली.

धूळ, आणि ही गोष्ट घाईने वाचू नका

हौसेत आठवड्याला चार तास होतात, धंद्यात चाळीस. तेवढ्याने धुळीचा सगळा हिशोब बदलतो. वाळूच्या दगडात बहुतेक भाग सिलिकाच असते, ग्रॅनाइट नि स्लेटमध्ये पण भरपूर, शुद्ध संगमरवर नि चुनखडीत सहसा खूप कमी. ती धूळ श्वासातून खोल गेली की सिलिकोसिस होतो, फुफ्फुसात कडक गाठी बनतात आणि ते पूर्ववत होत नाही, औषध नाही. जी धूळ दिसते ती कमी धोक्याची, जी दिसत नाही इतकी बारीक ती तासन्‌तास हवेत तरंगत राहते. अमेरिकेतली कामाच्या जागेची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे. कोरडा ग्राइंडर चालवला की हे माप केव्हाच ओलांडलेलं असतं.

म्हणून मशीन पाण्यावरच चालवायचं, कोरडं नाही. पाणी आणि वीज एकत्र आली की विजेची गळती झाली की बंद होणारा ब्रेकर लाइनवर हवाच, आणि मशीन पण पाण्यावर चालवायला बनवलेलंच घ्या, साध्या ग्राइंडरवर पाइप धरू नका. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा पी१०० किंवा एफएफपी३ दर्जाचा मास्क घ्या, आणि दाढी असेल तर तो नीट बसत नाही हे पण लक्षात घ्या. झाडू मारायचा नाही, कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकायचे नाहीत, ओलं पुसायचं किंवा हेपा, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरचा व्हॅक्यूम. संगजिरं विकत घेताना त्यात अ‍ॅस्बेस्टस नाही अशी तपासणी झालेलंच घ्या, काही खाणींतल्या दगडात ते तंतू असतात.

आता घरचा धंदा म्हणून वेगळा मुद्दा. बाहेर कामाला जाणारा माणूस कारखाना मागे सोडून येतो, आपला कारखाना घराला चिकटलेला असतो. धुळीचे कपडे घालून आत येऊन लहान मुलाला उचललं की ती धूळ मुलाच्या श्वासात गेली. कामाचे कपडे नि चपला कामाच्या जागीच ठेवायच्या, वेगळे धुवायचे, अंघोळ करून मगच घरात वावरायचं. लहान मुलांना शिकवायचं असेल तर मातीत, साबणावर, चित्रात शिकवा, मशीन चालू असताना ती त्या जागेत नकोतच. यात माझ्याकडे कोणतीही सवलत नाही, मुलीला कितीही हौस असली तरी.

पाण्यावर काम केलं की चिखल होतो, तो नाल्यात सोडला तर आत सिमेंटसारखा बसतो. दोन बादल्या ठेवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी परत वापरा आणि गाळ ओलाच पिशवीत भरा, सुकून उडू देऊ नका.

कंपन पण आहे. ग्राइंडर नि हवेवरची छिन्नी रोज तासन्‌तास धरली की बोटं बधिर होतात, थंडीत पांढरी पडतात, आणि हे पण पूर्ववत होत नाही. युरोपात रोजच्या कंपनाची मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे आणि निम्म्यापासूनच काळजी घ्यायला सांगतात, मशीनच्या कागदावर त्या मशीनच्या कंपनाचा आकडा दिलेला असतो तो बघून घ्या. इथे घरचे चार हात खरंच कामाला येतात. एकजण मशीनवर, एकजण आखणीवर, एकजण हाताने घासायला, आणि दर तासाला बदल.

अवजारं कधी घ्यायची

सुरुवातीला टोकाची छिन्नी, दातेरी छिन्नी, सपाट छिन्नी, एक हातोडी, आणि पॉलिशचे डायमंड पॅड एवढ्यात पुष्कळ होतं. कार्बाइडच्या टोकाला धार लावायला हिरवं सिलिकॉन कार्बाइडचं चाक लागतं, साध्या चाकावर ते घासत बसून चाकच झिजतं. मोठं मशीन कुठलं घ्यायचं हे वही सांगेल. वहीत घासण्याचे तास सगळ्यात जास्त दिसत असतील तर पाण्यावरचं पॉलिशर घ्या, ओबडधोबड काढण्यात जात असतील तर कापलेलाच दगड मागवा, कटर घ्यायची गरज नाही. पॉलिश करताना पॅडच्या नंबराने, म्हणजे खरखरीतकडून बारीककडे, ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३००० असं क्रमाने जायचं, मधला एक पॅड गाळला तर आधीच्या पॅडचे ओरखडे ३००० ला आल्यावर दिसतात आणि परत मागे जावं लागतं. घाईच्या ऑर्डरला हे हमखास होतं.

घरात कोण काय करणार

एक पान लिहा. कोण कोरणार, कोण गिऱ्हाइकाशी बोलणार, पैसे कोणत्या खात्यात येणार, कोणाला किती, ऑर्डर नाकारायचा हक्क कोणाला. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण बोलणारा माणूस हो म्हणून मोकळा होतो आणि कोरणारा रात्री जागतो. आमच्यात ठरलंय की ज्याच्या हातून काम जाणार त्याला विचारल्याशिवाय तारीख द्यायची नाही, आणि जी तारीख वाटते त्याच्या दुप्पट दिवस सांगायचे. धंद्याचं खातं वेगळं काढा, पहिल्याच दिवशी, घरखर्चात मिसळलं की परवडतंय की नाही कधीच कळत नाही. आणि कोणाला यातून बाहेर पडायचं असेल तर कसं, तेही त्याच पानावर, सगळे खुशीत असतानाच लिहून टाका, तेव्हा सोपं जातं.

शिकवताना नवीन माणसाला कायम घासायलाच बसवू नका. भावाला मी वर्षभर पॅडच हातात दिले आणि तो कंटाळून येईनासा झाला, त्यात चूक माझी होती. आता प्रत्येकाला महिन्यातून एक वस्तू दगड निवडण्यापासून पॅकिंगपर्यंत एकट्याने करायची, वाकडी झाली तरी चालेल. तो परत यायला लागला तो यानंतर.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. घराचा इन्शुरन्स सहसा घरातल्या धंद्याला लागू होत नाही, लेखी विचारून घ्या. राहत्या जागेत आवाजाचं काम चालतं का, नोंदणी नि टॅक्सचं काय, हे तुमच्या भागातले नियम बघून पहिली ऑर्डर घ्यायच्या आधी उरकून टाका.

ऑर्डर आणि पोचवणं

निम्मे पैसे आधी, उरलेले वस्तू निघायच्या आधी, फोटो दाखवून. नावाची पाटी दुसऱ्या कोणाला विकता येत नाही म्हणून आधीचे पैसे घ्यायला लाजू नका. कोरायला सुरुवात झाल्यावर बदल हवा असेल तर तो नवीन खर्च, हे सही घेतो त्याच कागदावर छापलेलं असू दे. दगडाच्या रंगात शिरा नि डाग येणारच, म्हणून नमुन्याचा नाही तर त्याच दगडाचा फोटो पाठवा, ओला आणि कोरडा दोन्ही, कारण ओला दगड जास्त गडद दिसतो आणि लोक त्याच्याच प्रेमात पडतात.

पॅकिंगला खोक्यात खोकं, मध्ये सगळीकडून फोम, कोपऱ्यांना जास्त. बंद केलेलं खोकं हलवून बघा, आत काही हललं तर उघडून परत भरा.

बसवण्याचं काम घेत असाल तर जोडाला लोखंडी सळई कधीच नको, स्टेनलेस स्टीलचीच. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड आतून फोडतं. अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन संगमरवरी मंदिराच्या बाबतीत हेच झालं. प्राचीन ग्रीकांनी लोखंडी पकडी शिशात बसवल्या होत्या म्हणून त्या टिकल्या, आणि १८९८ नंतरच्या दुरुस्तीत तशाच उघड्या लोखंडी पट्ट्या घातल्या त्या गंजून संगमरवर तडकला, नंतर त्या काढून टायटॅनियमच्या घालाव्या लागल्या. स्टेनलेसची सळई थोडी महाग पडते, ती किमतीत धरा.

नोकरी कधी सोडायची हे सगळे विचारतात. माझं उत्तर त्या वहीतच आहे. सलग बारा महिने, सगळ्यांची मजुरी बाहेरच्या कारागिराच्या दराने देऊन, तुटलेल्या दगडांसकट, वर काही शिल्लक राहिलं तर घरातल्या एकाने सोडावी, फक्त एकाने. दुसऱ्याचा पगार अजून वर्षभर चालू राहू दे. आमच्याकडे बायकोने सोडली, कारण वहीत मांडणीचे तास सगळ्यात वेगाने वाढत होते आणि ते काम तिच्याशिवाय कोणाला जमत नाही. मी अजून आठवड्याचे तीन दिवस नोकरीला जातो.